राब आणि राखीव

शिमग्याच्या होळ्या विझल्या आणि चैत्राचे ऊन डोंगरांवर तापू लागले, म्हणजे ठाणे-कुलाब्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात जागोजाग धुराच्या निळसर रेघा उभ्या राहिलेल्या दिसतात. हा वणव्याचा धूर नव्हे. वणवा माणसाचे ऐकत नाही; हा धूर मात्र माणसाने मोजूनमापून, वारा पाहून लावलेल्या आगीचा असतो. हिवाळ्यात शेतकरी ऐनाच्या झाडावर कोयता घेऊन चढतो, शेंडा राखून बाजूच्या टहाळ्या छाटतो, त्यांचे भारे, म्हणजे कवळ, बांधून वाळवतो. मग भाताच्या रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ हात फिरवून तो वाऱ्याच्या उलट अंगाने हळूच आग लावतो. ज्वाळा उठता कामा नये, ढीग धुमसत राहिला पाहिजे. ह्यालाच राब भाजणे म्हणतात. कुठे दाढ भाजणे म्हणतात. ह्या करपलेल्या मातीत मृगाच्या आधी बी पडते, आणि तिच्यातून उगवलेले रोप आषाढातल्या खाचरात चिखल करून लावले जाते. एका वावराच्या भातासाठी किती झाडांची छाटणी लागते, हे त्या भागातील कुणब्याला अनुभवाने ठाऊक असे; ते सांगण्यासाठी त्याला कोणत्याही खात्याची जरूर कधी पडली नव्हती.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच धूर मुंबईहून पुण्याला आगगाडीने जाणाऱ्या एखाद्या साहेबाच्या दृष्टीस पडे, तेव्हा त्याला त्यात रानटी प्रजेने चालविलेला सरकारी मालमत्तेचा संहार दिसे. सह्याद्रीच्या रानाचा मागील दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे पुष्कळसा ह्या एकाच धुराच्या दोन वाचनांचा इतिहास आहे. रान उजाड झाले, ह्याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. ते कोणी केले, एवढ्याचपुरता वाद होता, आणि त्या वादात ज्याच्या हातात कोयता होता त्याच्याकडे बोट दाखविणे सर्वांनाच सोयीचे गेले.

पूर्वीच्या राजवटीत रान राखले जात नव्हते, असे कोणी म्हणू लागला तर त्याने रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहावे. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ह्या राजनीतिपर ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. गुराबा-गलबतांसाठी राज्यातील सागवान वगैरे लाकूड लागेल ते हुजूरच्या परवानगीने तोडून न्यावे, कमी पडेल ते परमुलखातून खरीदून आणवावे. परंतु आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची असली तरी त्यांस हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत, रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन ते घ्यावे; बलात्कार सर्वथा करू नये. त्याच ग्रंथात गडाच्या प्रकरणी, गडाभोवतीच्या उतारावरील झाडी यत्नपूर्वक वाढवावी आणि तिच्यातील एक काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे.

ह्या वचनांवरून आजकाल जो गहिवर काढला जातो, त्यात सहभागी होण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. अमात्यांना वृक्षांविषयी कळवळा होता की नाही, हे कळण्यास मार्ग नाही. त्यांना हिशेब होता, हे मात्र निश्चित. गडाखालची झाडी शत्रूला अडवी, आणि आंबा-फणस तोडला तर दुखावलेली रयत गाव सोडून जाई व वसूल बुडे. पण त्या हिशेबात झाडाचे वय धरले होते, झाडाचा धनी धरला होता, आणि त्या धन्याचे दुःखही धरले होते. पुढच्या काळातील अधिक पांडित्यपूर्ण हिशेबांत ह्या तिन्ही रकमा आढळत नाहीत.

अमात्यांच्या हुकुमाबाहेर आणखी एक रखवाली होती. गावोगावी वाघजाईच्या, काळकाईच्या, भैरोबाच्या नावाने राखलेली देवराई असे. तिच्यातील वाळलेली काटकीसुद्धा घरी नेण्याची छाती कोणाला होत नसे, आणि पुष्कळदा गावचा बारमाही झरा तिच्याच बुडातून वाहत असे. पश्चिम महाराष्ट्रातील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात केला, तेव्हा आजूबाजूच्या रानातून नामशेष झालेल्या कितीतरी वृक्षवेली त्यांना ह्या देवाच्या आसऱ्याला टिकून राहिलेल्या आढळल्या.

तथापि जुनी राजवट म्हणजे रानाचे सत्ययुग, हेही खरे नव्हे. आंग्र्यांच्या आरमाराला कोकणातील सागच लागला, आणि त्या आरमाराची अखेर कशी झाली हे सर्वश्रुत आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर समुद्राकडून मारा केला, पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या मदतीला होती, आणि एका जहाजाला लागलेली आग दुसऱ्यास लागत लागत तुळाजी आंग्र्याचा सारा काफिला बंदरातच जळून गेला. जी झाडे वाढायला दोन-तीन पिढ्या लागल्या होत्या, त्यांची राख व्हायला एक दिवसही लागला नाही. मराठी बखरकारांनी आणि इतिहासकारांनी ह्या घटनेत राजकारण पाहिले, ते योग्यच आहे. त्यातले लाकूड कोणी मोजले नाही.

मोजणारे पुढे आले, पण ते दुसऱ्या पेढीचे होते. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीला असा लौकिक मिळवून दिला, की इंग्लंडमधील ओक वृक्षांची टंचाई पडू लागल्यावर खुद्द ब्रिटिश राजाच्या आरमाराची जहाजे येथे बांधली जाऊ लागली. सागाला समुद्राच्या पाण्यात वाळवी-किड्यांचे भय थोडे, आणि त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे गंजत नाहीत, ही त्याची कीर्ती. १८१० साली 'मिंडेन' पाण्यात उतरले. १८१७ च्या १२ ऑक्टोबरला 'ट्रिंकोमाली' उतरले, म्हणजे खडकीच्या लढाईला अजून महिनासुद्धा अवकाश होता. हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत ठेवलेले आहे. ज्या पेशवाईची अखेर त्या लढाईने सुरू झाली तिचे काही अवशेष उरले असतील नसतील, पण मुंबईच्या सुतारांनी जोडलेला साग दोन शतकांनंतरही शाबूत आहे.

हे लाकूड मुख्यत्वे मलबारचे. तेथे १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसन ह्यास जंगलांचा रक्षक नेमले. त्याने सागावर सरकारचा मक्ता इतक्या कडकपणे बसविला, की जमीनमालक आणि व्यापारी दोघेही त्रासून गेले, आणि १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो ह्याने ते पदच रद्द करून टाकले. इकडे रत्नागिरीत नेमका उलटा प्रयोग झाला. कंपनीच्या अमदानीच्या आरंभीच्या वर्षांतच तेथील कलेक्टराने रानावरचा सरकारी हक्क सोडून झाडे लोकांच्या हवाली केली. स्वतःची मालमत्ता म्हटल्यावर लोक ती जपतील, अशी त्याची समजूत. पण हक्क ज्यांच्या पदरात पडला ते बहुतांशी खोत होते, आणि सारा रोखीने भरावयाचा नवा जमाना आला होता. समुद्र जवळ, खाड्या घाटाच्या पायथ्यापर्यंत आत शिरलेल्या, आणि मुंबईत लाकडाला गिऱ्हाईक. थोड्याच वर्षांत रत्नागिरीचे डोंगर बोडके होऊ लागले. आजही त्या जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल नाममात्रच आहे आणि बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, ह्याचे मूळ त्या जुन्या निर्णयात सापडते. मक्त्याने रान राहते की मालकीने, असा प्रश्न पंडित आजही विचारतात. मलबार आणि रत्नागिरी ह्यांनी तो एकाच पिढीत दोन्ही बाजूंनी विचारून पाहिला आणि दोन्ही ठिकाणी उत्तर सारखेच आले.

ह्या पार्श्वभूमीवर डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा मनुष्य मला विशेष वाटतो. तो पेशाने शल्यवैद्य. देवी काढण्याच्या कामावर दख्खन आणि खानदेश पायाखाली घातलेला. १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक झाला. तेथे औषधी वनस्पती लावून त्यांचे अर्क फौजेच्या इस्पितळांना पुरविणे हे त्याचे काम. ह्याच निमित्ताने तो सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी हिंडला, कुणब्यांशी बोलला, आणि जे कुणबी त्याला सांगत होते त्यावर त्याने विश्वास ठेवला. ते सांगणे असे, की पूर्वी अमुक ओढा वैशाखापर्यंत वाहत असे, तो आता शिमग्यालाच आटतो. डोंगर उघडा पडल्यापासून पावसाचे पाणी एकदम धो-धो खाली येते, माती घेऊन येते, आणि खाड्या गाळाने उथळ होतात. हम्बोल्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील एका सरोवराच्या काठी हीच गोष्ट लिहून ठेवली होती, आणि कंपनीच्या वैद्यकीय खात्यातील अनेकांनी ती वाचली होती. पण गिब्सनच्या हाती आलेला पुरावा पुस्तकातला नव्हता. तो कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतला होता. रान गेले की पाणी जाते, ही गोष्ट त्याने सरकारपुढे मांडली, आणि १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचा रक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. पुढे डालझेल ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध केला, तो अभ्यासकांना अजून लागतो.

ज्या माणसांनी त्याला झरे आटल्याचे सांगितले, त्यांच्याच जातभाईंवर मात्र त्याच्या खात्याची पहिली नजर वळली. डोंगरउतारावर रान तोडून, भाजून, नाचणी-वरी पेरून दोन-तीन वर्षांनी जागा बदलणारी कुमरीची शेती त्याला सर्व अनर्थाचे मूळ वाटली. काही ठिकाणी, विशेषतः जिथे पडीक काळ आखूड झाला होता तिथे, त्याचे म्हणणे खरेही होते. पण पडीक काळ आखूड का झाला, ठाकूर-कातकऱ्यांना फिरायला पूर्वीइतके रान का उरले नाही, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला असता, तर त्याला स्वतःच्या सरकारच्या दप्तरातच उत्तर शोधावे लागले असते. विद्वान माणूस नेमका जिथे थांबतो, तिथे त्याचा पगार कोण देतो हे पाहावे.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतची २१ मैलांची आगगाडी सुटली, आणि दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, २५ बोगदे खोदून ती बोरघाट चढून वर आली. रुळांखाली दर मैलास सुमारे १,८०० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. काही विलायतेहून आणविले जात, काही लोखंडाचे असत, तरी देशी लाकडाची मागणी एकाएकी कित्येक पटींनी वाढली. विटा भाजायला, चुना भाजायला, हजारो मजुरांच्या चुलींना लाकूड लागले ते निराळेच. ह्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, कापसाचे भाव आकाशाला भिडले, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४ च्या गणतीत शहराची वस्ती ८ लाखांवर भरली. एवढ्या माणसांचा भात शिजायचा कशावर? दगडी कोळसा गिरण्यांसाठी; घरातल्या चुलीला सरपण आणि लोणारी कोळसाच. तो वसई, भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बंदरांतून मचव्यांत भरून येई आणि वखारींत उतरे. राबाच्या धुराविषयी रकानेच्या रकाने लिहिणाऱ्या साहेबांच्या बंगल्यातील आंघोळीचे पाणी ह्याच लाकडावर तापत असे. परंतु तो धूर स्वयंपाकघराच्या धुराड्यातून जाई, त्यामुळे कोणाच्या अहवालात शिरला नाही.

डलहौसीने १८५५ मध्ये जंगलविषयक धोरणाचा मसुदा आखला, १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला, आणि १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटल्यावरून १८७८ चा दुसरा झाला. ह्या दुसऱ्या कायद्याने मराठी भाषेला एक शब्द दिला, तो म्हणजे 'राखीव'. शब्द पाहिला तर आपलाच, राखणे ह्या जुन्या धातूपासून निघालेला. देवराईही राखलेलीच असे. पण देवराई कोणापासून राखली आहे असे विचारले, तर सर्वांपासून, असे उत्तर येई. राखीव जंगल गावापासून राखलेले होते.

राखीव करण्याची रीत कागदावर निर्दोष होती. सरकारने जाहीरनामा काढावा, तो आसपासच्या गावांत देशी भाषेत प्रसिद्ध व्हावा, निदान तीन महिन्यांच्या मुदतीत ज्याचा त्याने आपला हक्क जंगल-सेटलमेंटच्या अंमलदारापुढे शाबीत करावा, आणि जो शाबीत होणार नाही तो बुडाला असे समजावे. आता ज्याचा आजा-पणजा त्याच ऐनावर चढत आला, त्याने हक्क शाबीत करावयाचा तो कोणत्या सनदेने? त्याच्यापाशी कागद नव्हता. कागद नसणे हाच त्याच्या वहिवाटीच्या जुनेपणाचा खरा पुरावा होता, पण असा पुरावा दाखल करून घेण्याची सोय कायद्यात नव्हती. त्यातच कायद्याने हक्क आणि सवलत असा सूक्ष्म भेद केला. हक्क काढून घ्यावयाचा तर भरपाई द्यावी लागे. सवलत मात्र सरकारच्या मर्जीची. राबासाठी टहाळ तोडणे, गुरे चारणे, मोळी आणणे, ह्या ज्या गोष्टींना लोक आजवर जगणे म्हणत होते, त्यांचे नाव एका रात्रीत सवलत असे पडले.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ च्या मार्चमध्येच सरकारकडे अर्ज धाडून ह्याला हरकत घेतली. गावकऱ्याला विश्वासात घेतले, झाड राखल्याबद्दल त्याला काही मिळेल असे केले, तर रान पहारेकऱ्यांपेक्षा स्वस्तात आणि चांगले राहील, असा त्या अर्जाचा मतलब होता. अर्जाची भाषा सभेच्या परंपरेप्रमाणे अदबशीर होती. जोतीराव फुल्यांना अदबीचे तेवढे कौतुक नव्हते. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात त्यांनी जंगलखात्यावर कोरडा ओढला आहे. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरीसुद्धा रानातील फळांवर, पानाफुलांवर आणि गायरानात चारलेल्या दोन-चार जनावरांवर गुजराण करी. आता डोंगर, दऱ्या, पडीत आणि गायराने सगळी खात्याच्या पोटात गेल्यामुळे त्याच्या शेळीला रानचा वारा खायलाही जागा राहिली नाही, असा त्यांचा आरोप. सभेचा अर्ज आणि जोतीरावांचा असूड ह्यांचे एरवी फारसे जमत नसे. जंगलखात्याने ते जमवून आणले, ही त्या खात्याची एक नोंदण्याजोगी कामगिरी होय.

सर्वांत वाईट गत कातकऱ्यांची झाली. कात करणारा तो कातकरी. खैराचे झाड पाडून, आतला तांबडा गाभा तासून, त्याच्या कपच्या मडक्यांत उकळून, तो रस आटवून वड्या पाडायच्या, हा त्यांचा हिवाळी उद्योग. साऱ्या महाराष्ट्राच्या पानाला रंग चढायचा तो त्यांच्या हातचा. खैर सरकारी झाला तेव्हा जमातीच्या नावातला धंदा तेवढा शिल्लक राहिला नाही. मग हेच लोक ठेकेदाराकडून खावटी घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर राबू लागले; म्हणजे ज्या रानात स्वतःसाठी कुऱ्हाड लावणे गुन्हा ठरला, त्याच रानात मुंबईच्या चुलींसाठी कुऱ्हाड लावणे ही त्यांची मजुरी झाली. राब शब्दाचा 'राबणे' ह्या क्रियापदाशी संबंध आहे की नाही हे व्युत्पत्तिकारांनी ठरवावे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ओरड इतकी वाढली, की १८८५ मध्ये सरकारला जंगल-कमिशन नेमावे लागले. त्याने १८८७ साली आपला अहवाल सादर केला. साक्षी-पुराव्यांचे हे चार खंड चाळले, की राब हा विषय त्यांच्या मध्यभागी ठाण मांडून बसलेला दिसतो. झाडाचा शेंडा राखून टहाळ घेतली तर झाड मरत नाही, असे कुणबी सांगतो; झाड खुरटते आणि त्याचे इमारती लाकूड होत नाही, असे जंगल-अधिकारी सांगतो. दोघेही खरे बोलत होते. एकाला झाड जिवंत हवे होते, दुसऱ्याला सरळ हवे होते. अखेर अटी घालून का होईना, राबाची सवलत पुष्कळ अंशी कायम ठेवावी लागली.

मग शास्त्र आले, थोडे उशिरा. १८८९ साली हिंदुस्थानची शेती पाहण्यास आलेल्या डॉक्टर व्होल्कर ह्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात राबाचा गंभीरपणे विचार केला आणि ह्या पद्धतीला अडाणीपणा म्हणण्याचे नाकारले. १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉक्टर हॅरोल्ड मान ह्यांनी जोशी आणि कानिटकर ह्या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. राखेने जे होते त्याहून अधिक मातीला बसलेल्या उष्णतेने होते, आणि रोपाचा जोम तिच्यामुळे येतो, असा त्यांच्या प्रयोगांचा रोख होता. म्हणजे ढिगावर मातीचा हात फिरवून आग धुमसत ठेवण्याची जी खटपट कुणबी पिढ्यान्‌पिढ्या करीत होता, तिच्यात अर्थ होता. तोवर राखीव जंगलाच्या हद्दीचे दगड डोंगरावर बसून तीस वर्षे लोटली होती.

ते दगड १९३० च्या पावसाळ्यात बोलू लागले. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी. आतल्या मुलखाला मीठ कुठले? त्याने गवत निवडले. १० जुलैला बापूजी अणे ह्यांनी पुसदच्या जवळ राखीव कुरणातले गवत विळ्याने कापले, आणि मग वऱ्हाडापासून कोकणापर्यंत जंगलचा कायदा मोडण्याची लाटच उसळली. सांगलीच्या वरच्या अंगाला बिळाशीत गावकऱ्यांनी राखीव रानातले झाड तोडून त्यावर निशाण फडकविले. ह्या चळवळीला काँग्रेसने पुढारी दिले, पण चीड तिने दिलेली नव्हती. ती पन्नास वर्षे गुरांच्या कोंडवाड्यात आणि राउंड गार्डाच्या दंडात मुरत आलेली होती.

२५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात आसपासच्या गावांतून माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमली. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. पोलिसांबरोबर मामलेदार जोशी हजर होते. झाडांवर पहिले घाव पडले आणि थोड्या वेळाने गोळीबार सुरू झाला. त्यात जी माणसे पडली त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता, आणि सरकारच्या वतीने तेथे आलेले मामलेदार जोशी हेही त्याच गोळीबारात ठार झाले.